माठ, बर्फ आणि शीतकपाट : नालवाडी-वर्धा परिसराच्या संदर्भात घरगुती शीतकरणाचा इतिहास

प्रस्तावना

२०११ च्या जनगणनेत घरयादी करताना प्रत्येक कुटुंबाकडील रेडिओ, दूरदर्शन संच, संगणक, दूरध्वनी, सायकल, स्कूटर आणि मोटार यांची नोंद घेण्यात आली. शीतकपाट, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला फ्रीज, मात्र या यादीत नव्हता. स्वयंपाकघरातील सर्वांत मोठे आणि दिवसरात्र चालू राहणारे यंत्र मोजावे असे गणना करणाऱ्या यंत्रणेस वाटले नाही, ही बाब बोलकी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने हा प्रश्न विचारला. २०१९-२१ च्या त्याच्या पाचव्या फेरीनुसार देशातील दहापैकी जेमतेम चार कुटुंबांकडे शीतकपाट होते. जे यंत्र शहरी मध्यमवर्गास आज चुलीइतके स्वाभाविक वाटते ते निम्म्याहून अधिक देशाच्या घरात त्या वेळेपर्यंत पोहोचलेच नव्हते.

आपल्याकडे यंत्रांचा इतिहास लिहिला गेला तो मुख्यतः गिरण्यांचा आणि रेल्वेचा. स्वयंपाकघरातील यंत्रे स्त्रियांच्या वापरातील म्हणून गौण ठरली. प्रस्तुत लेखात घरगुती शीतकरणाच्या इतिहासाचा विचार वर्धा शहरालगतच्या नालवाडीच्या संदर्भात करण्यात आला आहे. नालवाडी निवडण्याचे कारण असे की, अन्न, श्रम आणि यंत्र यांच्या परस्परसंबंधाविषयी विसाव्या शतकात जे मूलगामी प्रयोग झाले त्यांपैकी काही येथे आणि येथून हाकेच्या अंतरावर झाले. दुसरे कारण हवामानाचे आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या या प्रदेशात थंड पाणी आणि न विटलेले अन्न हा चैनीचा विषय कधीच नव्हता.

माठाचे शास्त्र आणि माठाचा समाज

शीतकपाटाचे कार्य समजून घ्यावयाचे तर आरंभ माठापासूनच करावा लागतो, कारण दोहोंचे मूलतत्त्व एकच आहे. द्रवाची वाफ होताना तो भोवतालची उष्णता शोषून घेतो. भाजलेल्या मातीच्या सूक्ष्म रंध्रांतून पाणी पाझरते, बाहेरील कोरड्या हवेत त्याची वाफ होते आणि त्या वाफेसोबत आतील पाण्याची उष्णता निघून जाते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. त्यामुळे दहा लिटरच्या माठातून केवळ एक पेलाभर, म्हणजे शंभर मिलिलिटर पाणी उडून गेले, तरी उरलेले पाणी जवळजवळ सहा अंशांनी थंड होऊ शकते. माठाखालची ओली वाळू आणि माठाभोवती गुंडाळलेले ओले फडके बाष्पीभवनाचा पृष्ठभाग वाढवतात व त्याचा वेग टिकवून धरतात.

या पद्धतीची मर्यादाही स्पष्ट आहे. हवेत जितके बाष्प सामावू शकते तितकेच माठ थंड होऊ शकतो. विदर्भातील उन्हाळी दुपारी तापमान ४४ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असेल, तर बाष्पीभवनाने गाठता येणारी नीचतम पातळी साधारण २३ अंशांची असते. हा फरक वीस अंशांहून अधिक आहे, आणि म्हणूनच वैदर्भीय माठाचे पाणी कोकणी माठापेक्षा गार लागते. जुलैमध्ये पावसाळी दमट हवा सुरू झाली की तोच माठ निरुपयोगी होतो. विदर्भातील घरोघरच्या खिडक्यांत उन्हाळ्यात दिसणारा कूलरही याच नियमाने बांधलेला आहे. त्याच्या वाळ्याच्या ताट्या किंवा लाकडी भुशाची जाळी म्हणजे माठाची भिंत होय. भर पडली ती पंख्याची आणि पाण्याच्या पंपाची.

तेवीस अंशांवर पाणी पिण्यास सुखद होते, परंतु दूध टिकत नाही. म्हणून यंत्रपूर्व काळातील घराने अन्न थंड ठेवण्यापेक्षा त्याचे रूप पालटण्यावर भर दिला. दुधाचे दही, दह्याचे ताक, लोण्याचे तूप, कैरीचे लोणचे, डाळींचे सांडगे आणि पापड, गव्हाच्या कुरडया, ज्वारीच्या पिठाची आंबील. आंबवणे, खारवणे, वाळवणे, तळणे आणि गोडवणे या पाच क्रियांनी जंतूंच्या वाढीस अटकाव होत असे. शिंक्यावर टांगलेले भांडे आणि जाळीचे कपाट मांजर व मुंग्यांपासून अन्न राखत असत, उष्णतेपासून नव्हे. या साऱ्या व्यवस्थेचा भार स्त्रियांच्या श्रमांवर होता. उन्हाळ्यात वाळवणे घालणे, ती राखणे, दिवसातून दोनदा दूध तापवणे आणि उरलेले अन्न वाया जाऊ नये म्हणून बहुधा स्वतःच खाणे, हे त्या श्रमाचे स्वरूप होते. शिळ्या अन्नाविषयीचे नियम धर्मशास्त्राने सांगितले खरे. पण शिळे कोणी खावे याचा नियम घराघरातील सत्तासंबंधांनी ठरवला. श्रावणातील शिळा सप्तमीस चूल न पेटवता सर्वांनीच आदल्या दिवशीचे अन्न खाण्याची प्रथा या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. वर्षातून एक दिवस का होईना, शिळे सर्वांच्या ताटात समान येत असे.

माठाविषयी अलीकडे जे स्मरणरंजन आढळते त्यात एक गोष्ट हटकून विसरली जाते. मातीचे भांडे हे जातिव्यवस्थेतील सर्वांत हळवे भांडे होते. धातूचे पात्र घासून शुद्ध करता येई. मातीचे मात्र एकदा ‘विटाळले’ की फोडून टाकण्यावाचून गत्यंतर नसे. ज्या कुंभाराच्या हातून माठ घडत असे तो चालत असे, पण पाण्याने भरल्यावर त्याला कोणी हात लावावा हे कडक नियमांनी बांधलेले होते. २० मार्च १९२७ रोजी महाड येथील चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जो हक्क बजावला त्याची घरगुती बाजू म्हणजे हा माठ होय. वर्ध्यात जमनालाल बजाज यांनी १९२८ मध्ये लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांसाठी खुले केले, ही घटना इतिहासग्रंथांतून येते. घरातील पाण्याच्या कोपऱ्याचा इतिहास तितका सुलभ नाही, कारण तो कोणी लिहून ठेवला नाही.

नालवाडीचा पर्याय

विनोबा भावे डिसेंबर १९३२ मध्ये वर्ध्याहून सुमारे दोन मैलांवरील नालवाडीस राहावयास गेले. वस्ती प्रामुख्याने दलितांची होती. केवळ सूतकताईच्या मजुरीवर माणूस जगू शकतो काय, याचा प्रयोग त्यांनी येथे स्वतःवर केला. १९३४ मध्ये ग्रामसेवा मंडळाची स्थापना झाली. प्रकृती ढासळल्याने १९३८ मध्ये विनोबा पवनारला गेले. तोपर्यंत नालवाडी हे ग्रामोद्योगांचे एक महत्त्वाचे केंद्र बनले होते.

येथील चर्मालयाचा उल्लेख या विषयाच्या संदर्भात अनपेक्षित वाटेल, परंतु तो अप्रस्तुत नाही. गोपाळराव वाळुंजकर यांच्या देखरेखीखाली नालवाडीत मेलेल्या गुरांची कातडी कमावण्याचे काम १९३० च्या दशकात सुरू झाले. विदर्भाच्या उन्हात मृत जनावराचे कातडे काही तासांतच सडू लागते. ते वेळेवर सोलणे, मीठ लावून राखणे आणि वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावणे हा नाशवंत पदार्थ टिकवण्याचाच उद्योग होय. पिढ्यान्‌पिढ्या हे ज्ञान ज्यांच्याकडे होते त्यांना त्याच ज्ञानामुळे गावाबाहेर ठेवण्यात आले होते. चर्मालयाने या कामास शास्त्राचा आणि प्रतिष्ठेचा दर्जा देण्याचा प्रयत्न केला. जातीच्या प्रश्नाचे हे उत्तर पुरेसे होते काय, याविषयी आंबेडकरी विचारपरंपरेने उपस्थित केलेले आक्षेप वजनदार आहेत. ज्याचा संबंध घाणीशी जोडला गेला ते काम सन्मानित करावे की त्यातून माणसाला मुक्त करावे, हा वाद येथे केवळ तात्त्विक नव्हता.

नालवाडीपासून जवळच मगनवाडीत डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे कार्य जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली चालू होते. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, बैलघाणीचे तेल आणि गूळ यांचा पुरस्कार संघाने केला. हे पदार्थ पौष्टिक आहेत, हा युक्तिवाद सर्वपरिचित आहे. त्याची दुसरी बाजू तुलनेने दुर्लक्षित राहिली. कोंड्यासह राखलेला तांदूळ आणि अंकुरासह दळलेले पीठ लवकर खवट होते, कारण कोंड्यात व अंकुरात तेलाचा अंश असतो. गिरणीतील पॉलिश केलेला तांदूळ महिनोन्‌महिने टिकतो आणि दूरवर पाठवता येतो. त्याच्या यशाचे ते एक मोठे रहस्य आहे. म्हणजे मगनवाडीचा आहार नाशवंत होता, आणि तो नाशवंत असणे हेच त्याच्या अर्थव्यवस्थेचे सूत्र होते. आठवड्याचे पीठ आठवड्यालाच दळावे, तेल गावच्या घाणीतून लागेल तसे आणावे, दूध शेजारच्या गोठ्यातून यावे. उत्पादन आणि उपभोग यांतील अंतर जितके कमी तितकी टिकवण्याची गरज कमी.

शीतकपाट याच्या नेमक्या उलट गृहीतकावर उभे आहे. अंतर वाढले तरी चालेल, कारण मधला काळ गोठवता येतो, असे ते सांगते. कुमारप्पांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात निसर्गातील संपणाऱ्या साठ्यांवर जगणारी अर्थव्यवस्था आणि अखंड वाहत्या प्रवाहावर जगणारी अर्थव्यवस्था यांत भेद केला. कोळशाच्या विजेवर चालणारे शीतकपाट पहिल्या प्रकारात मोडते. माठ दुसऱ्या प्रकारात. मात्र हा भेद मांडताना जात्यावर कोण बसणार होते, हा प्रश्न विचारणे भाग आहे. नित्य ताजे अन्न म्हणजे नित्य श्रम, आणि ते श्रम स्त्रीचे. जमनालाल बजाज यांनी अखेरच्या काळात नालवाडीलगतच्या गोपुरीत राहून गोसेवेचे कार्य केले. त्या परंपरेतील वर्ध्याच्या गोरस भांडाराचा ‘गोरसपाक’ आजही प्रसिद्ध आहे. दुभत्याचे तुपात आणि तुपाचे टिकाऊ बिस्किटात रूपांतर करणारा हा पदार्थ म्हणजे बर्फाविना दुधाचा प्रश्न सोडवण्याची एक चविष्ट रीत म्हणावी लागेल.

बर्फाचे आगमन

यंत्राआधी आपल्याकडे बर्फ आला आणि तो समुद्रमार्गे आला. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने मॅसॅच्युसेट्समधील गोठलेल्या तळ्यांचा बर्फ कापून, लाकडाच्या भुशात बांधून, १८३३ मध्ये कलकत्त्यास पाठवला. ‘टस्कनी’ जहाजावर चढवलेल्या १८० टनांपैकी सुमारे १०० टन बर्फ चार महिन्यांच्या प्रवासानंतरही शिल्लक होता. मुंबईत तो १८३४ मध्ये आला. जमशेटजी जिजीभाई यांनी आपल्या मेजवानीत आइस्क्रीम दिले, पाहुण्यांना आणि यजमानांना सर्दी झाली, आणि परकीय पदार्थांच्या नादी लागल्याचे हे फळ असल्याची टिप्पणी ‘मुंबई समाचार’ने केली, असा किस्सा मुंबईच्या इतिहासकारांनी नोंदवला आहे. १८४३ च्या सुमारास लोकवर्गणीतून घुमटाकार बर्फघर उभे राहिले.

योगायोग असा की, ज्या १८३४ मध्ये मुंबईत बर्फ उतरला त्याच वर्षी जेकब पर्किन्स यांनी लंडनमध्ये संपीडनावर चालणाऱ्या शीतयंत्राचे पेटंट घेतले आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये झां पेल्त्ये यांनी दोन धातूंच्या सांध्यातून वीज वाहिली असता एक सांधा थंड होतो हे दाखवून दिले. पहिल्या शोधाने पुढे घराघरातील शीतकपाट घडवले. दुसऱ्याचा संबंध थेट मराठवाड्याशी येणार होता. त्याचा उल्लेख पुढे येईल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात अमोनियावर चालणारी बर्फाची यंत्रे आली आणि अमेरिकेचा बर्फ मागे पडला. त्यानंतर भुशात गुंडाळलेली लादी, गोणपाट आणि बर्फाचा गोळा या रूपांत बर्फ जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचला. सर्वसामान्य घरात तो आला तो लग्नकार्यात, आजारपणात किंवा मुलांच्या हट्टापोटी. नित्याच्या अन्नाशी त्याचा संबंध नव्हता.

यंत्राची रचना

माठात वाफ झालेले पाणी हवेत निघून जाते आणि रोज नवे भरावे लागते. शीतकपाटातील द्रव बाहेर जात नाही. तोच पुनःपुन्हा वापरला जातो. सारी करामत एवढीच आहे. आतील भागात असलेल्या नळ्यांत कमी दाबाखाली द्रवाची वाफ होते व ती अन्नाची उष्णता घेते. ही वाफ कॉम्प्रेसर ओढून घेतो आणि दाबतो. दाबामुळे ती तापते. मागील अथवा बाजूच्या नळ्यांतून जाताना ती आपली उष्णता स्वयंपाकघरातील हवेस देऊन पुन्हा द्रवरूप होते. नंतर केसासारख्या बारीक नळीतून जाताना तिचा दाब उतरतो आणि चक्र पुन्हा सुरू होते. यावरून दोन गोष्टी निघतात. शीतकपाट थंडावा ‘निर्माण’ करीत नाही. ते आतली उष्णता बाहेर नेऊन टाकते. म्हणून दार उघडे ठेवून खोली थंड करण्याचा बालसुलभ प्रयोग खोली अधिकच तापवतो. आणि बाहेरची हवा जितकी उष्ण, तितके हे ओझे चढावर ओढावे लागते.

घरगुती यंत्र लोकप्रिय होण्यास दोन बाबी कारणीभूत ठरल्या. आरंभीच्या यंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड असे विषारी वायू असत. ते गळले तर माणसे दगावत. १९२७ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीने डोक्यावर गोल कॉम्प्रेसर असलेले बंदिस्त यंत्र बाजारात आणले आणि १९३० च्या सुमारास थॉमस मिजली यांच्या संशोधनातून फ्रिऑन हा बिनविषारी, न पेटणारा वायू उपलब्ध झाला. घर सुरक्षित झाले. आकाशाचे काय झाले, हे कळण्यास आणखी चव्वेचाळीस वर्षे जावी लागली.

विक्रोळी ते विदर्भ

भारतात घरगुती शीतकपाटाचे उत्पादन गोदरेज आणि बॉइस कंपनीने १९५८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या सहकार्याने सुरू केले. १८९७ मध्ये कुलुपांपासून आरंभ करून तिजोऱ्यांपर्यंत पोहोचलेल्या कारखान्याने फ्रीज करावा यात एक विलक्षण सुसंगती आहे. आपल्याकडील जुन्या शीतकपाटांच्या दारास कुलूप असे आणि किल्ली गृहिणीच्या अथवा सासूच्या कमरेला. तिजोरीचे आणि कोठीघराचे संस्कार या पेटीवर स्पष्ट होते. कित्येक घरांत ती स्वयंपाकघरात नव्हे तर बैठकीत, आल्यागेल्यास दिसेल अशी ठेवली जाई. वर विणलेला रुमाल, मुठीला कापडी खोळ आणि शेजारी व्होल्टेज स्टॅबिलायझर. १६५ लिटरची एकदारी पेटी हे मध्यमवर्गाच्या स्थैर्याचे परिमाण बनले. दीर्घकाळ शासनाच्या करधोरणात ती चैनीची वस्तूच होती. १९९१ नंतर स्पर्धा वाढली, हप्त्यांची सोय झाली, आणि पुण्याजवळील रांजणगावसारख्या औद्योगिक वसाहतीत परदेशी कंपन्यांचे शीतकपाटांचे कारखाने उभे राहिले. रांजणाच्या नावाच्या गावात फ्रीज तयार व्हावेत, हा इतिहासाचा विनोद म्हणावा.

नालवाडीसारख्या, शहराच्या वाढीत मिसळून गेलेल्या गावांत हे यंत्र आले ते नोकरदार कुटुंबांबरोबर. त्याने स्त्रियांचे काही श्रम निश्चितपणे वाचवले. रोजची भाजी आणणे आठवड्यावर आले. दूध नासण्याची धास्ती गेली. त्याच वेळी उरलेले राखण्याची सक्ती नव्या रूपात परतली. पूर्वी शिळे त्याच रात्री संपवले जाई. आता ते डब्यात बसून दोन-तीन दिवस वाट पाहते, आणि ते कोणी संपवावयाचे याचे उत्तर फारसे बदललेले नाही.

भारनियमन आणि निगेचे शास्त्र

शीतकपाट हे अखंड विजेचे अपत्य आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, विशेषतः २००५ नंतर, महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात आणि लहान शहरांत भारनियमनाने दिवसातील कित्येक तास वीज नसे. दार बंद ठेवले तर घरगुती शीतकपाट सुमारे चार तास अन्न सुरक्षित राखू शकते. त्यापुढे दूध, शिजवलेले अन्न व मांस यांत जंतूंची वाढ वेगाने सुरू होते. विदर्भातील गृहिणींनी त्या काळात अवलंबलेली रीत, म्हणजे बर्फकप्प्यात पाण्याच्या बाटल्या गोठवून वीज जाताच खालच्या खणात ठेवणे, शास्त्रदृष्ट्या निर्दोष आहे. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. हेच तत्त्व लसीकरणाच्या शीतसाखळीत वापरले गेले. १९८५ मध्ये सुरू झालेल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमातील बर्फअस्तराचे शीतकपाट चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली तरी लसी २ ते ८ अंशांत राखू शकते. म्हणजे खंडित विजेवर चालणारे यंत्र घडवणे अशक्य नव्हते. घरासाठी ते घडवण्याचा विचार मात्र उशिरा झाला.

तो विचार झाला तो उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात. गोदरेजने २००८ पासून तेथील ग्रामीण स्त्रियांशी चर्चा करून ‘छोटूकूल’ नावाची वरून उघडणारी, ४३ लिटरची, आठ किलोंहून हलकी पेटी तयार केली. तीत कॉम्प्रेसर नव्हता. पेल्त्ये यांच्या १८३४ च्या शोधावर ती चालत असे आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालू शकत असे. किंमत सुमारे सव्वातीन हजार रुपये होती. या प्रयोगाचे कौतुक जगभर झाले. खेड्यातील घराने मात्र तिला अपेक्षेइतके स्वीकारले नाही. कारणे उघड आहेत. ती बर्फ करीत नव्हती, आणि थोडे अधिक पैसे साठवले तर ‘खरा’ फ्रीज घेता येत होता. गरिबांसाठी म्हणून वेगळी केलेली वस्तू गरिबांनाही नकोशी वाटते. प्रतिष्ठेचा हा भाग अभियंत्यांच्या आराखड्यात क्वचितच येतो. गुजरातेतील वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापती यांनी २००५ च्या सुमारास घडवलेला मातीचा ‘मिट्टीकूल’ आणि त्याआधी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत विटा व वाळू यांपासून तयार झालेला शून्यऊर्जा शीतकक्ष यांची उपयुक्तता भाजीपाल्यापुरती सिद्ध आहे. दुधास आणि इन्सुलिनला लागणारी थंडी मात्र बाष्पीभवनाच्या मर्यादेपलीकडची आहे.

निगेचे नियम याच कार्यपद्धतीतून निघतात; ते पाठ करण्यापेक्षा समजून घेणे हिताचे. उष्णता बाहेर टाकावयाची तर मागे व बाजूंना हवा खेळती हवी, म्हणून पेटी भिंतीस चिकटवू नये, चुलीशेजारी अथवा उन्हाच्या खिडकीपाशी ठेवू नये आणि मागील नळ्यांवरील धूळ काही महिन्यांनी झाडावी. आतील तापमान ४ अंशांच्या आत व बर्फकप्प्याचे उणे १८ अंश असावे. दाराच्या रबरी पट्टीत कागद धरून दार लावावे. कागद सहज ओढला गेला तर पट्टी निकामी झाली असे समजावे. वाफाळते अन्न थेट आत ठेवल्यास त्याची उष्णता आणि बाष्प दोन्ही कॉम्प्रेसरच्या माथी येतात. तथापि ते निवण्यासाठी दोन तासांहून अधिक बाहेर ठेवणेही विदर्भाच्या उन्हाळ्यात धोक्याचे आहे. साध्या एकदारी पेटीत नळ्यांवर साचणारा बर्फ थंडाव्यास मदत करीत नाही. तो उष्णतारोधक आवरण बनतो, म्हणून पाव इंचाचा थर होताच तो वितळू द्यावा. सुरीने खरवडू नये, कारण नळीस छिद्र पडले तर दुरुस्तीचा खर्च नव्या पेटीच्या जवळ जातो. वीज जाऊन लगेच आली असता काही मिनिटे थांबून यंत्र सुरू करावे, कारण दाब समान होण्यापूर्वी कॉम्प्रेसर चालू झाल्यास त्याचे गुंडाळे जळण्याचा संभव असतो. स्टॅबिलायझर या पेटीची सोबत करू लागला तो यामुळेच.

वायूचा प्रश्न आणि त्रेचाळीस अंशांची मर्यादा

१९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी फ्रिऑनसारखे क्लोरोफ्लुरोकार्बन वातावरणातील ओझोनचा थर नष्ट करतात हे मांडले. १९८७ चा मॉन्ट्रियल करार झाला, भारताने १९९२ मध्ये त्यास मान्यता दिली आणि १ जानेवारी २०१० पासून या वायूंचा वापर आपल्याकडे थांबवण्यात आला. त्यांच्या जागी आर-१३४ए आला. तो ओझोनला घातक नसला तरी तापमानवाढीस कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक हातभार लावतो. दरम्यान २००१ च्या सुमारास आयसोब्युटेन, म्हणजे आर-६००ए वापरणारी शीतकपाटे भारतात तयार होऊ लागली. हा वायू हवामानास जवळजवळ निरुपद्रवी आहे, पण ज्वालाग्राही आहे. घरगुती यंत्रात तो मोजक्या ग्रॅममध्ये असतो. आंतरराष्ट्रीय मानकाची कमाल मर्यादा दीर्घकाळ १५० ग्रॅम होती. घरमालकास यापासून धोका अल्प आहे. धोका आहे तो दुरुस्ती करणाऱ्यास, जो लहानशा दुकानात गॅस काढून ज्योतीने नळी जोडतो. जुन्या वायूच्या सवयीने नव्या वायूवर काम करणे त्यास जिवावर बेतू शकते. जागतिक कराराचा अखेरचा दुवा हा असा तालुक्याच्या गावातील कारागीर आहे, आणि कराराच्या इतिहासात त्याचे नाव नसते. भारताने २०२१ मध्ये किगाली दुरुस्तीस मान्यता दिल्यानंतर त्याच्या प्रशिक्षणाचे महत्त्व आणखी वाढले आहे.

ऊर्जेच्या वापरावर नियंत्रण आणण्यासाठी २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यान्वये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला. तारांकित पट्टीची योजना २००६ मध्ये आली आणि बर्फ न साचणाऱ्या शीतकपाटांना ती जानेवारी २०१० पासून अनिवार्य झाली. ग्राहक तारे मोजू लागला. त्याच यंत्राच्या माहितीपट्टीवर आणखी एक अक्षर असते, ज्याकडे क्वचितच कोणी पाहते. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार शीतकपाटांचे हवामानवर्ग पाडलेले असून त्यांतील ‘टी’, म्हणजे उष्णकटिबंधीय, हा सर्वांत कडक वर्ग १६ ते ४३ अंश तापमानासाठी आहे. वर्ध्याच्या मे महिन्यात बाहेरचे तापमानच ही मर्यादा ओलांडते. पत्र्याच्या छताखालील स्वयंपाकघराची गोष्ट वेगळीच. अशा दुपारी कॉम्प्रेसर विश्रांती न घेता चालतो, पेटीच्या बाजू चटका बसावा इतक्या तापतात आणि वीजदेयक वाढते. हा यंत्राचा दोष नव्हे आणि गृहिणीच्या निष्काळजीपणाचाही नव्हे. ज्या उन्हासाठी ते घडवले गेले त्यापेक्षा येथील ऊन मोठे आहे. उष्णतेच्या लाटा वाढत असताना ४३ ही संख्या कोणी आणि कोणत्या हवामानावरून ठरवली, हा अभियांत्रिकी आणि इतिहास या दोन्ही विभागांनी एकत्र बसून विचारण्याजोगा प्रश्न आहे.

वर्धा परिसरातील अनेक घरांनी यावर आपल्यापुरता तोडगा काढलेला दिसतो. पिण्याचे पाणी माठात आणि दूध, भाजी, औषधे शीतकपाटात अशी वाटणी त्यांनी केली आहे. पाण्याच्या बाटल्यांसाठी दर दहा मिनिटांनी उघडणारे दार त्यामुळे बंद राहते. अक्षय्य तृतीयेस पाण्याने भरलेला कुंभ दान देण्याची प्रथा टिकून आहे, आणि त्या सुमारास वर्ध्याच्या बाजारात कुंभारांचे माठ शीतकपाटांच्या दुकानांसमोरच मांडलेले असतात.